‘फुंका’ म्हटल्यावर पुढे काय होते?
दारू पिऊन वाहन हाकल्याचा खटला आणि वकिलाचे काम



गेल्या हंगामात गाळप संपायला आठ-पंधरा दिवस राहिले असताना आमच्या गटातल्या एका सभासदाचा रात्री साडेबारा वाजता फोन आला. मुलगा डोंबिवलीला एमआयडीसीत नोकरीला आहे. मित्राच्या हळदीला गेला होता, परत येताना घरडा सर्कलच्या बाजूला नाकाबंदीत सापडला. “मशीनमध्ये फुंकायला लावलं, आकडा आला, गाडी ठेवून घेतली. आता काय करायचं?” एवढेच ते पुन्हा पुन्हा विचारत होते. ऊस तोडीला आलेला, टोळी फडात, ट्रॅक्टर दारात उभा आणि बापाने धरली कल्याणची वाट. सोबत म्हणून मीही गेलो.

कल्याणच्या कोर्टात बरीच वर्षे फौजदारी कामे चालविणारे एक वकील ओळखीतून मिळाले. त्यांच्या कचेरीत ते स्वतः, दोन ज्युनिअर आणि एक कारकून असा बारदाना. डोंबिवलीच्या रामनगर, विष्णुनगर, टिळकनगर, मानपाडा या ठाण्यांची कामे कल्याणच्या कोर्टात येतात, त्यामुळे असले खटले त्यांच्या टेबलावर नित्याचेच. दोन दिवस त्यांच्यापुढे बसून जे ऐकले, आणि नंतर कायद्याचे पुस्तक उघडून जे ताडून पाहिले, ते येथे मांडतो. आपल्यापैकी कितीतरी जणांची मुले-पुतणे ठाणे, कल्याण, डोंबिवलीकडे आहेत. आणि हंगामात आपल्या सर्वांच्या दारात ट्रॅक्टर-ट्रॉली उभी असते, रात्री-अपरात्री उसाच्या खेपा चालू असतात. तेव्हा हा विषय फक्त शहरवाल्यांचा आहे असे समजू नये. (आपल्याच मळीपासून स्पिरिट निघते, हेही कोणी हळूच बोलून दाखवील. ते खरे आहे. पण मळीवर खटला होत नाही, स्टिअरिंगवरच्या माणसावर होतो.)

आधी कायदा काय म्हणतो ते पाहू. मोटार वाहन कायदा, १९८८, कलम १८५. वाहन चालविणाऱ्याच्या किंवा चालविण्याचा प्रयत्न करणाऱ्याच्या १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅमपेक्षा जास्त दारू आढळली तर गुन्हा. पूर्वी असे माप नव्हते, दारू कितीही थोडी असली तरी गुन्हाच होता. ३० चे माप १९९४ च्या दुरुस्तीने आले. पहिल्या गुन्ह्याला सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दहा हजारांचा दंड, किंवा दोन्ही. पुन्हा सापडला तर दोन वर्षांपर्यंत कैद किंवा पंधरा हजारांचा दंड किंवा दोन्ही. २०१९ च्या दुरुस्तीपूर्वी हाच दंड दोन आणि तीन हजार होता. अजूनही गावाकडे “दोन हजार टाकले की सुटतो” असे ऐकू येते, ते त्या जुन्या काळातले आहे.

दुसरी गोष्ट पुष्कळांना माहीत नसते. हेल्मेट नसले, सिग्नल तोडला, तर जागेवर तडजोडीचा दंड भरून मोकळे होता येते. कलम १८५ तसे मिटत नाही. कोर्टात जावेच लागते. रस्त्यावर कोणी “इथेच मिटवतो” म्हणाला तर तो कायदेशीर दंड नव्हे, एवढे ओळखून असावे.

आता वकिलाकडे वळू. आमचा समज असा की वकील पहिल्यांदा विचारणार, “किती प्यायला होतास?” त्यांनी तो प्रश्न विचारलाच नाही. कागद पुढे ओढला आणि विचारले, “किती वाजता अडवलं? किती वाजता फुंकलास? किती वेळा फुंकलास? चिठ्ठी निघाली का? तिच्यावर सही केलीस का? दवाखान्यात नेलं का, किती वाजता? रक्त काढलं का?” मुलगा गडबडला. मग म्हणाले, “आठवेल तसं लिहून काढ, आजच. चार महिन्यांनी पोलिसांच्या कागदात वेळ असेल, तुझ्या डोक्यात नसेल.” या खटल्यात घड्याळ फार महत्त्वाचे आहे, हे आम्हाला तिथे कळले.

कारण असे की, कायद्यानेच वेळ घालून दिली आहे. कलम २०२ प्रमाणे पोलिसांना असा गुन्हा त्यांच्या समोर घडला तर वॉरंटाशिवाय अटक करता येते. पण अटक केल्यापासून दोन तासांच्या आत नोंदणीकृत डॉक्टरकडून तपासणी झाली पाहिजे, नाहीतर त्या माणसाला कोठडीतून सोडले पाहिजे. आता “सोडले पाहिजे” याचा अर्थ खटला संपला असा नाही. पुष्कळ लोक इथे फसतात. दोन तास उलटले म्हणून माणूस निर्दोष ठरत नाही. मात्र तपासणीला झालेला उशीर हा वकिलाच्या हातातला एक मुद्दा होतो.

तोही दुधारी आहे. पोटातली दारू रक्तात चढायला वेळ लागतो. चढून झाली की ती उतरू लागते, ढोबळ मानाने तासाला १०० मिलिलिटरमागे १० ते २० मिलिग्रॅम. गाडी अकराला अडवली आणि रक्त दीडला काढले, तर दीडचा आकडा अकराचा नव्हे. वकील म्हणणार, अकराला दारू चढतच होती, तेव्हा ती ३० च्या आत असेल. सरकारी वकील म्हणणार, दीडला एवढी होती म्हणजे अकराला याहून जास्त असेल. शेवटचा घोट केव्हा घेतला होता, यावर कोणाचे खरे ते ठरते. आणि ते सांगायला बहुधा आरोपीच उरतो.

मशीनविषयी थोडे सविस्तर सांगतो, कारण खरी झुंज तिथेच होते. ब्रेथ ॲनालायझर रक्त पाहत नाही, श्वास पाहतो. फुप्फुसात रक्तातली दारू हवेत येते. एक मिलिलिटर रक्तात जेवढी दारू, तेवढी साधारण २१०० मिलिलिटर खोल श्वासात असते, असे धरून मशीन हिशेब करते आणि रक्ताचा आकडा दाखवते. म्हणजे काट्यावर गाडी घातली की टनेज निघते, तसा हा काटा. आणि काटा म्हटला की आपल्याला जो पहिला संशय येतो, तोच वकिलाला येतो. काटा तपासलेला आहे का? शेवटचे कॅलिब्रेशन केव्हा झाले, त्याचा दाखला कुठे आहे? फुंकण्यापूर्वी मशीन शून्य दाखवत होते का? चिठ्ठीवरचा मशीनचा नंबर आणि पोलिसांच्या कागदातला नंबर एकच आहे ना? आपल्याकडे रिकामी गाडी आधी तोलून घेतात, मगच वजावट होते. शून्याची ओळ म्हणजे तसेच काहीसे.

तोंडात राहिलेली दारू हा आणखी एक मुद्दा. नुकताच घोट घेतला असेल, ढेकर आला असेल, किंवा दारूचा अंश असलेले माऊथवॉश वा खोकल्याचे औषध घेतले असेल, तर मशीन तोंडातली दारूच मोजते आणि आकडा फुगतो. पंधरा-वीस मिनिटांत ती उडून जाते. म्हणून थोडे थांबून दुसऱ्यांदा फुंकायला लावणे हे योग्य. पण हे ऐकून कोणी खोकल्याच्या औषधाची बाटली डिकीत ठेवायला लागेल, तर वकीलसाहेब हसत म्हणाले तेच मी सांगतो, “ती बाटली प्रत्येक जण दाखवतो. न्यायाधीशही ती वर्षानुवर्षे पाहत आलेत.”

फुंकायला नकार दिला तर? हाही गावठी सल्ला आहे, “फुंकूच नको, पुरावाच राहणार नाही.” नकार दिला तरी, पोलिसांना संशयाला वाजवी कारण असेल तर, ते अटक करू शकतात. ठाण्यात नेल्यावर डॉक्टरमार्फत रक्त मागू शकतात. आणि कलम २०५ सांगते की सबळ कारणाशिवाय नमुना दिला नाही, तर ती गोष्ट सरकारपक्षाच्या पुराव्याला बळ देणारी मानता येते. म्हणजे नकार हा स्वतःच पुरावा होऊन बसतो. उलट बाजूने, पोलीस गणवेशात असला पाहिजे, संशयाला काही वाजवी कारण पाहिजे, हेही कायद्यात आहे. बाई आरोपी असेल आणि डॉक्टर पुरुष असेल, तर रक्त बाईमाणसाच्या समक्षच घ्यावे लागते.

रक्ताच्या बाटलीची कथा वेगळी. दारूबंदी कायद्याखाली वैद्यकीय तपासणी आणि रक्त तपासणीचे १९५९ सालचे नियम आहेत. त्यात रक्त कसे काढावे हे बारीक लिहून ठेवले आहे. सुई टोचताना कातडी पुसायला अल्कोहोल वापरायचे नाही, कारण मग कशाचे अल्कोहोल मोजणार? बाटलीत रक्त गोठू नये व नासू नये म्हणून औषध घालायचे, सील करायचे, आणि सात दिवसांच्या आत तपासणी अधिकाऱ्याकडे पोचते करायचे. वकील हे सगळे कागदांवरून ताडून पाहतात. डॉक्टरने किती रक्त काढले, प्रयोगशाळेत किती पोचले, सील कुणाचे, नेणारा शिपाई कोण, मधल्या रात्री बाटली कुठे होती. यातला एक दुवा निसटला की उलटतपासात त्याच दुव्याला हात घालतात.

याचे गाजलेले उदाहरण तुम्हाला ठाऊक आहे. २८ सप्टेंबर २००२ च्या पहाटे वांद्र्याला बेकरीबाहेर झोपलेल्या माणसांवर अभिनेता सलमान खान याची गाडी गेली. एक जण ठार झाला, चौघे जखमी झाले. रक्ताच्या अहवालात १०० मिलिलिटरला ६२ मिलिग्रॅम असा आकडा होता. मे २०१५ मध्ये सत्र न्यायालयाने पाच वर्षांची शिक्षा दिली, आणि त्याच वर्षी १० डिसेंबरला मुंबई उच्च न्यायालयाने त्याला सोडले. तो पिऊन होता आणि गाडी तोच चालवत होता, हे संशयापलीकडे सिद्ध झाले नाही, असे न्यायालयाने म्हटले. रक्त काढण्यापासून ते कलिन्याच्या प्रयोगशाळेपर्यंतच्या साखळीत न्यायालयाला उणिवा दिसल्या. त्यावर राज्य शासन सर्वोच्च न्यायालयात अपिलात गेले. लोक यातून एवढाच बोध घेतात की पैसेवाला सुटतो. ते एका परीने समजण्यासारखे आहे. पण वकिलाच्या बाजूने पाहिले तर आणखी एक गोष्ट दिसते. तिथे बचाव उभा राहिला तो तपासातल्या ढिलाईवर, आणि ती ढिलाई ज्यांच्यावर गाडी गेली त्यांचेही नुकसान करून गेली.

त्याहून जुना एक निकाल वकिलांच्या तोंडी नेहमी असतो. १९७१ सालचा, सर्वोच्च न्यायालयाचा, बच्चूभाई कर्याणी विरुद्ध महाराष्ट्र राज्य. डॉक्टरने सांगितले होते की तोंडाला वास येत होता, चाल डळमळीत होती, बोलणे असंबद्ध होते, बाहुल्या विस्फारल्या होत्या. रक्त तपासलेच नव्हते. न्यायालयाने म्हटले, अपघातानंतर माणूस भेदरतो, त्याची चाल डळमळू शकते, आणि वास येणे म्हणजे अंमल असणे नव्हे. पिऊन असल्याचा तो पुरावा पुरेसा धरला नाही. म्हणून नुसत्या वासाच्या दाखल्यावर खटला उभा असेल, तर वकील हे पान उघडतातच.

पण या उलट जाणारा निकालही सांगितला पाहिजे, नाहीतर अर्धेच सांगितल्यासारखे होईल. नोव्हेंबर २००६ मध्ये वांद्र्याच्या कार्टर रोडवर फूटपाथवर झोपलेल्या मजुरांवर एका तरुणाची गाडी गेली. सात जण मेले, आठ जखमी झाले. त्याच्या रक्तात ०.११२ टक्के दारू निघाली. मुंबई उच्च न्यायालयाने हा नुसता हयगयीचा मृत्यू न मानता सदोष मनुष्यवधाचे कलम लावून तीन वर्षांची सजा दिली, आणि जानेवारी २०१२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती कायम केली. ते मजूर शहरात पोटासाठी आलेले, रस्त्याच्या कामावरचे. आपल्या तोडणी टोळ्या रस्त्याच्या कडेला पालं टाकून झोपतात, त्या कोपीवर अंधारात ट्रॉली चढली तर काय, हे मी वाचताना मनात आल्यावाचून राहिले नाही. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता लागू झाली आहे. निष्काळजीपणाने मृत्यू घडविल्यास तिच्या कलम १०६ प्रमाणे पाच वर्षांपर्यंत कैद आहे, जुन्या दंडसंहितेत दोनच वर्षे होती. सदोष मनुष्यवध आता कलम १०५ खाली येतो. असल्या कामात वकिलाची सारी शक्ती खर्च होते ती कुठले कलम लागणार या एका प्रश्नावर.

मालकांनी पुढचे दोन परिच्छेद जरा सावकाश वाचावेत.

कलम १८८ असे आहे की, दारू पिऊन चालविण्याच्या गुन्ह्याला जो अपप्रेरणा देईल, त्यालाही तीच शिक्षा. ड्रायव्हर पिऊन आहे हे दिसत असताना “एवढी एक खेप टाक, मग झोप” असे म्हणणारा मालक यात येऊ शकतो. ठाणे वाहतूक पोलिसांनी २०२० च्या वर्षअखेरीच्या मोहिमेत सोबत बसलेल्यांवरही याच कलमाखाली कारवाई केली होती. आणि ट्रॅक्टर हे मोटार वाहनच आहे, नांगराला जोडलेले असो की ट्रॉलीला. बैलगाडी या कायद्यात येत नाही हे खरे, पण सार्वजनिक रस्त्यावर पिऊन धिंगाणा घातला तर दारूबंदी कायद्याचे कलम ८५ आहेच.

विम्याचे तर विचारूच नका. पॉलिसीत बारीक अक्षरात अट असते की चालक दारूच्या अंमलाखाली असेल तर वाहनाच्या नुकसानीची भरपाई नाही. एप्रिल २०२१ मध्ये इफ्को टोकियो विरुद्ध पर्ल बेव्हरेजेस या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले, की श्वासाची किंवा रक्ताची चाचणी झाली नाही एवढ्यावरून विमा कंपनीचे हात बांधले जात नाहीत. इतर पुराव्यावरूनही चालक अंमलाखाली होता असे ती दाखवू शकते. तो अपघात दिल्लीतला, डिसेंबर २००७ चा, गाडी पोर्शे. पण अट तुमच्या ट्रॅक्टरच्या पॉलिसीतही असते. म्हणजे फौजदारी कोर्टात सुटलात तरी विम्याच्या दाव्यात हरू शकता, कारण तिथे ‘संशयापलीकडे’ सिद्ध करावे लागत नाही. तिसरा माणूस मेला असेल, तर काही प्रकरणांत कंपनी आधी भरपाई देते आणि नंतर मालकाकडून वसूल करते. ती वसुली निघते ती सातबाऱ्यावरच.

आता प्रश्न असा, की खटला लढवावा की गुन्हा कबूल करावा? वकिलांकडे जाण्यापूर्वी आमची समजूत होती की वकील म्हणजे लढाच म्हणणार, त्यांची फी त्यातच. या गृहस्थांनी तसे केले नाही. त्यांनी सगळे कागद मागवून घेतले, ज्युनिअरला एक पान टिपण करायला लावले आणि दोन बाजू मांडल्या. जामिनाचा प्रश्न नव्हता, हा गुन्हा जामीनपात्र आहे, त्याच रात्री जातमुचलक्यावर सोडले होते. पहिला गुन्हा असल्याने त्याची दखल कोर्टाने एक वर्षाच्या आत घ्यावी लागते, ती मुदतीतच होती. मशीनची चिठ्ठी होती, तीवर मुलाची सही होती, दोन वेळा फुंकल्याची नोंद होती, आकडा ७१. शून्याची ओळ छापलेली. दवाखान्यातली वेळ अटकेपासून पाऊण तासाची. “यात मला फट दिसत नाही,” ते म्हणाले. “लढायचं तर लढू, दोन वर्षं तारखा पडतील, दर तारखेला तुझी रजा जाईल. आणि कबूल केलंस तर दंड, पण लायसन जाईल हे धरून चाल.”

लायसनची गोष्ट तिथे प्रथम नीट कळली. कलम २० प्रमाणे १८५ खाली दोषी ठरला की कोर्टाने त्याला वाहन चालविण्यास अपात्र ठरवायचे, आणि ते सहा महिन्यांपेक्षा कमी नाही. दंड भरून माणूस हुश्श करतो आणि दुसऱ्या दिवशी गाडी काढतो. मग अपात्र असताना गाडी चालविल्याचा नवा गुन्हा होतो, आणि अपघात झाला तर विमा पुन्हा नाही. ज्याचे पोट ड्रायव्हिंगवर आहे, त्याला दंडापेक्षा हे सहा महिने जड. म्हणूनच ट्रकवाले, टेंपोवाले पुष्कळदा खटला लढवतात, आणि तसे लढविण्यात काही गैर नाही. सरकारने आपला आरोप सिद्ध करावा, असे म्हणण्याचा हक्क प्रत्येक आरोपीला आहे. पिऊन चालवणे मला स्वतःला बिलकूल मान्य नाही, पण ज्या वकिलाने मशीनचा दाखला मागितला तो गुन्हेगाराला पाठीशी घालतो, असे म्हणणाऱ्यांशी मी आता वाद घालतो. काटा तपासून मागणारा शेतकरी चोर नसतो.

फीची ऐपत नसेल तर विधी सेवा प्राधिकरण कायदा, १९८७ खाली मोफत वकील मिळतो. स्त्रिया, अनुसूचित जाती-जमातीचे लोक, कोठडीतला माणूस आणि ठराविक उत्पन्नाच्या आतले यांना तो हक्क आहे. तालुक्याच्या कोर्टातच त्याची कचेरी असते. कोर्टाच्या फाटकाबाहेर “काम करून देतो” म्हणणारे भेटतात, त्यांच्या हातात पैसे देऊ नयेत.

मुलाने जुलैत गुन्हा कबूल केला. कोर्टाने दंड केला आणि लायसन सहा महिन्यांसाठी गेले, म्हणजे जानेवारी संपेपर्यंत. तो डोंबिवलीत आता स्टेशनवरून रिक्षाने एमआयडीसीत जातो, त्याचे फारसे अडत नाही. अडले आहे ते इकडे. दर वर्षी दिवाळीनंतर महिनाभर रजा काढून तो घरचा ट्रॅक्टर चालवायला यायचा, म्हणून बाहेरचा ड्रायव्हर कधी लागला नव्हता. यंदा वडिलांनी शेजारच्या गावचा एक माणूस पाहून ठेवला आहे. हजेरी किती, ते ठरायचे आहे. परवा गट ऑफिसात भेटले तेव्हा त्यांनी मला विचारले, “तो पितो का, हे सरळ विचारावं की कसं?” सरळ विचारा, म्हणालो.